चंद्रभागेचा नवस आणि उंबराचा पार

मखमलाबादला पाटाच्या कडेनं मळ्यांतून चालत गेलं की दत्ताचं देऊळ लागतं आणि देवळासमोर उंबर. झाड एवढं जुनं की आधी झाड की आधी देऊळ, यावर म्हातारी माणसं अजून भांडतात. त्या देवळाची किल्ली चंद्रभागेच्या कमरेला. रोजचा सांजदिवा, गुरुवारची झाडलोट, आणि देवळात काही कार्यक्रम झाला की शेवटी दिवे मालवून कुलूप लावणं, ही सेवा तिनं सासूच्या हातून घेतली होती आणि अंगात ताप असला तरी चुकवली नव्हती.

तिचं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि ऐन शेवंतीच्या तोडणीत ती या माळ्याच्या घरात आली. अंगाची हळद उतरायच्या आत हातात टोपली आली. नवरा मल्हारी पहाटे एम-एटी गाडीवर फुलांची गाठोडी लादून बाजारात जायचा. मागे हिची खुडणी, धुणी, भाकरी, देवपूजा. फुलाकडं ती दोनच नजरांनी बघायची. चांगलं ते देवाला, बाकीचं बाजाराला. आणखी एक नजर असते हे तिला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि ते कळायला कारण झाली देवळाची किल्ली.

पण त्याआधी नवसाचं सांगायला हवं.

अठ्ठ्याण्णव साल लागता लागता, पौषात, तिची सून मनीषा बाळंतपणात अडली. मुलगा गोरक्ष सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला, त्याला निरोप पोचेना. दवाखान्याच्या बाकावर बसून चंद्रभागेनं पदर पसरला. "दत्तमहाराजा, दोघांना सुखरूप घरी आण. तुझ्या उंबराच्या पाराला पांढरी फरशी बसवीन, अगदी बुंध्याला टेकेपर्यंत!" निकिता झाली, मनीषा वाचली, आणि येत्या दत्तजयंतीच्या आत नवस फेडायचा असं घरात ठरलं. पाराला बाहेरच्या बाजूनं सिमेंट होतंच. मल्हारी लहानपणी विषमज्वरातून उठला तेव्हा त्याच्या आईनं, साळूबाईनं, आपला नवस फेडताना त्यातलं उगवतीकडचं घालून घेतलं होतं. बुंध्याभोवती हातभर मातीचं कडं तेवढं उघडं राहिलं होतं. ते आता सून भरून काढणार, म्हणून साळूबाई भेटेल त्याला सांगत सुटली होती.

श्रावणात देवळाच्या सभामंडपात 'निसर्गगप्पा' सुरू झाल्या. एक रविवार आड, दुपार कलल्यावर. सांगणाऱ्या रूपाली मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, लूनावरून यायच्या, आणि पिशवीतून कधी शेंगा, कधी पिसं, कधी सापाची कात काढायच्या. चंद्रभागा पहिल्या रविवारी खांबाला टेकून बसली ती केवळ यांचं आटपेल कधी आणि आपण कुलूप लावू कधी, या विचारात. वाती वळायला कापूससुद्धा घेऊन बसली होती.

मॅडमनी भिंतीवर धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टरनं चित्रं पाडली. हिरवा, चिमणीपेक्षा जरासा थोराड पक्षी, कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. मग त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. टुक, टुक, टुक, टुक...

चंद्रभागा ताडकन उभी राहिली. कापूस मांडीवरून खाली.

"अगं बाई! हे तर आमचं इंजिन!"

सगळा मंडप हसला. मॅडमही हसल्या. "कसलं इंजिन, काकू?"

"उन्हाळ्यात भर दुपारी वाजतं हो. मला वाटायचं, पाटापलीकडं कुणाचं तरी डिझेल इंजिन चालू राहिलंय. मी आमच्या ह्यांना किती येळा पाठवलं बंद करायला!"

"तांबट म्हणतात त्याला. तांब्याचा पत्रा ठोकल्यासारखं बोलतो म्हणून. तुमच्या उंबरावरच बसतो."

चंद्रभागेनं तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं ज्या झाडाखाली ती दिवा लावत होती, त्या झाडावर बसून कुणीतरी टुकटुक करत होतं आणि ती नवऱ्याला उन्हातान्हात पाटापलीकडं पिटाळत होती! घरी जाऊन तिनं सांगितलं तेव्हा मल्हारी जेवता जेवता थांबला.

"म्हणजे मी उन्हातून पाखरू बंद करायला जात व्हतो?"

"तुमाला सापडलं नाय तेच बरं झालं," चंद्रभागा म्हणाली आणि दोघंही हसून हसून बेजार झाली.

त्यानंतर तिनं एक रविवार चुकवला नाही. वाती घरीच वळून यायची, कारण आता हात मोकळे लागायचे, बोट वर करायला. सुगरणीचा नरच घरटं विणतो आणि मादी येऊन पसंत-नापसंत करते हे ऐकलं, आणि ती पाटाच्या काठच्या बाभळीखाली मान मोडेपर्यंत उभी राहिली. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला घास भरवतो हे कळलं, त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं ते अख्खं घर गोळा करून सांगितलं.

"म्हणजे बायकोला कोंडून ठेवायचं अन् आपण गावभर हिंडायचं?" मल्हारी मिशीत हसला. "बरंय की."

"हिंडायचं न्हाई, घास आणायचा. दिसभर. आणता का?"

मनीषा पदराआड हसली. साळूबाई मात्र भिंतीशी बसून माळ ओढत म्हणाली, "चंद्रे, देवळात जाऊन पाखरांचं पुराण ऐकती. पोथी बरी का ती बरी?"

"आत्याबाई, पोथीतबी चोवीस गुरू हायेत की दत्तमहाराजांचे. कबूतर हाय, मधमाशी हाय, कोळी हाय. मग?"

 साळूबाईनं माळ जरा जोरात ओढली.

दिवाळी झाली. दसऱ्याचा झेंडू चांगला गेला होता, तशी मल्हारीनं पांढरी फरशी आणून घराच्या ओट्यावर रचून ठेवली. बहिरू मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. येताजाता चंद्रभागा त्या फरशीवरून हात फिरवायची. थंडगार, दुधासारखी.

आणि कार्तिकातल्या त्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "आज आत बसायचं नाही. आज उंबरच आपल्याशी बोलणार."

सगळे पाराभोवती जमले. मॅडमनी खोडाला लगडलेलं एक कच्चं, हिरवं उंबर तोडून पानावर ठेवलं आणि विचारलं, "उंबराचं फूल कुणी बघितलंय?"

साळूबाई त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती काठी आपटून म्हणाली, "मॅडम, उंबराचं फूल मध्यरात्री उमलतं अन् देव घेऊन जातात. माणसाला दिसत न्हाई. दिसलं तर भाग्य उजळतं."

"आजी, मग आज सगळ्यांचंच भाग्य उजळायचं," असं म्हणून मॅडमनी उंबर सुरीनं उभं चिरलं आणि चंद्रभागेच्या हातात त्यातलं अर्धं आणि भिंग दिलं.

आधी तिला नुसतं गुलाबट, केसाळ काही दिसलं. मग भिंग जरा मागं घेतलं आणि एकदम सगळं उघडलं. आत भिंतीला चिकटून, दाटीवाटीनं, शेकडो इवलीइवली फुलं. प्रत्येक फुलाला देठ, प्रत्येकाला आपली जागा. घुमटाच्या आत उलटी टांगलेली जशी हंड्याझुंबरं. जन्मभर फुलं खुडणाऱ्या बाईनं जन्मात न बघितलेलं फूल, आणि ते रोज तिच्या पायाखाली चिरडत होतं!

"दिसलं!" ती ओरडलीच. "आत्याबाई, दिसलं! या, बघा! फळ म्हणतो ते फळ न्हाईच, फुलांची परडी हाय ही, तोंड बांधून ठेवलेली!"

"परडी! अगदी बरोबर शब्द," मॅडम म्हणाल्या. "आता या परडीत जायला एकच बारीक भोक. त्यातून सुईच्या टोकाएवढी एक माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. परत बाहेर येणं नाही. आत ती फुलांवर पराग टाकते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या लेकी मोठ्या होऊन दुसऱ्या उंबराकडं उडतात. पिकलं उंबर फोडून आपण फुंकर मारतो ना, ते किडे म्हणजे त्याच. त्या नसतील तर उंबराला बी धरणार नाही. आणि उंबर नसेल तर त्यांना जगात दुसरं घर नाही."

"बाळंतपणाला माहेरी येतात जणू," मागून कुणी बाई म्हणाली.

"पण परत सासरी जात न्हाईत," चंद्रभागा म्हणाली, आणि बायका खळखळून हसल्या. साळूबाईनंही भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात जोडले.

चंद्रभागेला वाटलं, आजच्या इतका चांगला दिवस नाही. तेवढ्यात मॅडमनी मान वर केली आणि पूर्वेकडच्या फांद्या दाखवल्या. तिकडची टोकं वाळून काड्या झाली होती.

"हे दिसतंय का? झाड गुदमरतंय. मुळंसुद्धा श्वास घेतात. माती मोकळी असली तर वारा जातो, पाणी मुरतं. पारावर सिमेंट ओतलं की खालची माती दगड होते. हे बुंध्याजवळचं मातीचं कडं उरलंय, त्याच्यावरच हे झाड तगून आहे. हे मात्र कधी झाकू देऊ नका."

एक दोन बायकांनी चंद्रभागेकडं बघितलं. सगळ्यांना फरशीचं माहीत होतं. चंद्रभागेच्या हातातलं चिरलेलं उंबर खाली पडलं.

सगळे गेल्यावर तिनं मॅडमना गाठलं. नवसाचं सांगितलं. मॅडमनी लूना पुन्हा स्टँडला लावली. "काकू, झाडाचं मला कळतं ते सांगितलं. नवसाचं मला खरंच कळत नाही. त्यात मी काही बोलणं बरं नाही." बाई प्रामाणिक होत्या, पण त्या प्रामाणिकपणानं चंद्रभागा आणखीच एकटी पडली.

मल्हारीला तोड सोपी वाटली. "फरशी दुसऱ्या कुठल्या पाराला बसवू. गावात पार काय कमी हायेत?"

"बोलले ते ह्याच पाराला बोलले ना."

"मग बसव ह्याच पाराला."

"अन् झाड मेलं तर?"

"मग मला काय इचारती!" म्हणून तो पाण्याची मोटार चालू करायला निघून गेला.

त्याच आठवड्यात निकिताला ताप आला. दात येत असतील, डॉक्टर म्हणाले, आणि औषध दिलं.  साळूबाई नुसती ओट्यावरच्या फरशीकडं बघायची आणि मग पाळण्याकडं बघायची. चंद्रभागेला ते बोलण्यापेक्षा जड गेलं. नवस देवाशी बोललेला, आणि तो पोरीच्या जिवावर बोललेला. मोडला आणि पोरीला काही झालं, तर सुनेला कुठलं तोंड दाखवायचं? स्वतःला कुठलं? ताप उतरला. भीती उतरली नाही.

गुरुवारी ती देवळात गेली. दिवा लावला. मग आत न बसता बाहेर येऊन उंबराच्या बुंध्याला पाठ लावून बसली.  आणि उठली तेव्हा तिनं बुंध्यावर तळहात ठेवून मोठ्यानं, कुणी ऐकलं तर ऐको अशा आवाजात, सांगितलं.

"महाराजा, तू इथं राहतो. तुझं घर मी माझ्या हातानं लिंपणार न्हाई. नवस मी बोलले, तो मी बदलते. ह्याचं जे काय वाईट व्हायचं ते माझं होऊ दे. पोरीचं न्हाई. माझं."

घरी येऊन तिनं साळूबाईपुढं पाट मांडला, ताट वाढलं आणि समोर बसली.

"आत्याबाई, फरशी पाराला बसायची न्हाई. सभामंडपात मागच्या बाजूला जमीन उखडलीय, तिथं बसवीन. देव तोच, देऊळ तेच."

साळूबाईनं घास खाली ठेवला. "देवाला दिलेला शब्द तू फिरवणार? कुण्या मॅडमच्या सांगण्यावरून?"

"तुमाला साखर हाय. समजा मी तुमाला पुरणपोळी कबूल केली, अन् मग डॉक्टरनं सांगितलं, पुरणपोळीनं म्हातारी मरंल. तर मी काय करू? कबूल केली म्हणून तुमच्या तोंडात कोंबू?"

"देवाला का साखरेचा आजार हाय?"

"देवाच्या झाडाला हाय. टोकं वाळली त्याची."

 मग साळूबाईनं ज्या प्रश्नाला चंद्रभागा सगळ्यात जास्त भीत होती तोच विचारला. आवाज एकदम बारीक होता.

"टोकं वाळली ती उगवतीकडची. त्या बाजूचं सिमेंट माझं हाय, चंद्रे. मल्हारीच्या दुखण्यातलं. माझ्याच्यानं वाळली का गं?"

खोटं बोलायची सोय होती. सासू उतारवयाची, साखरेची, बरं वाटलं असतं तिला. पण समोर ताट होतं आणि अन्नाशी खोटं बोलायची चंद्रभागेला सवय नव्हती.

"व्हय, आत्याबाई. पण झाडाला तरास व्हईल हे तुमाला तवा कुणी सांगितलं व्हतं?"

साळूबाई ताटावरून उठून गेली. मग सकाळ-संध्याकाळ काठी टेकत एकटीच देवळात जायची, पाराला दुरून हात जोडायची आणि परत यायची. चंद्रभागेशी बोलायची ती पाण्यापुरतं. मल्हारी मधल्या मधे गुदमरला. "दोघींनी मिळून मला ढोलीत लिंपलंय," असं तो मनीषाला म्हणाला.

बहिरू मिस्त्रीचा दिवस ठरलेला होता. तो थापी, ओळंबा घेऊन आला, फरशी सभामंडपात जाणार हे कळल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, लोक म्हणतील बहिरूनं पाराचं काम चुकवलं. माझं नाव जाईल."

"तुमचं नाव काय जात नाय. माझं जाईल. तुम्ही माल कालवा."

तो माल कालवायला बसला तोच साळूबाई आली. सोबत मल्हारी होता, त्याच्या खांद्यावर पहार. म्हातारी थेट पारापाशी गेली, चपला काढल्या, आणि काठीनं उगवतीकडच्या सिमेंटवर ठोकलं.

"हितं घाल."

"आई, अगं तुझा नवस हाय तो..." मल्हारीचा हात पुढं होईना. ते सिमेंट त्याच्याच जिवासाठी ओतलं होतं.

"तू वाचला. देवाचं देणं फिटलं तवाच. आता हे ओझं त्याच्या छातीवर कशाला?" आणि मग सुनेकडं न बघता, "ही देवापुढं म्हणाली म्हणं, वाईट सगळं माझं होऊ दे. एकटी का घेईल? अर्धं माझं. घाल पहार."

पहिला घाव बसला तेव्हा चंद्रभागेनं डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. सिमेंटचा एक खपला सुटला, मल्हारीनं पहार खाली घालून तो उपटला आणि उलटा टाकला, आणि जमलेल्या बायका एकदम पुढं सरकल्या. खपल्याच्या पोटाला बारीक, पांढरी, केसांसारखी मुळं चिकटली होती. जाळंच विणलेलं. वर यायला वाट शोधत ती मुळं सिमेंटच्या आतून लांबच लांब गेली होती, भेग मिळेल तिथं घुसली होती, आणि जिथं भेग नव्हती तिथं वाळून राहिली होती.

"बाई गं, बाई गं!" एकजण म्हणाली. दुसरीनं खाली बसून बोटानं त्या मुळांना हात लावला, जसा झोपलेल्या लेकराला लावावा तसा. आता चंद्रभागेला कोण थांबवणार! ती खपला हातात घेऊन पारावर चढली आणि बोलायला लागली. मुळांचं, वाऱ्याचं, पंख तुटणाऱ्या माशीचं, टुकटुक करणाऱ्या तांबटाचं, सगळं एकावर एक, श्वास न घेता. बहिरू मिस्त्रीनं थापी खाली ठेवली होती. कुणी घरून कुदळ आणायला पळालं, कुणी शेणखताची पाटी. साळूबाई सगळ्यांना ओरडत होती, "हळू! मुळाला लागंल! तुझ्या का बापाचं झाड हाय?"

बोलता बोलता चंद्रभागेच्या लक्षात आलं, आपण गप्पा ऐकत नाही, सांगतोय. पण थांबायला वेळ नव्हता.

दत्तजयंतीला सभामंडपात पांढरी फरशी, आणि पाराभोवती नुसती काळी, ओली माती. संध्याकाळी जन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि प्रदक्षिणेला गर्दी उसळली. पहिल्यांदाच पाय मळले. नवी लुगडी सावरत दोनचार बायका कुरकुरल्या, "फरशी असती तर बरं झालं असतं." साळूबाईनं वळून पाहिलं. "माती हाय. वाळली की झडंल."

पूर्वेकडची वाळलेली टोकं वाळलेलीच होती. ती परत हिरवी होणार नाहीत, मॅडमनी सांगितलं होतं. खालून नवी फूट आली तर माघ-फाल्गुनात दिसेल, तीही येईलच असं नाही. चंद्रभागेची भीतीही तशीच होती, जराशी खाली बसलेली इतकंच. निकिता शिंकली तरी तिचे हात आपोआप देवळाच्या दिशेनं जोडले जायचे.

आरती चालू होती आणि मनीषानं निकिताला क्षणभर खाली ठेवलं. पोरगी रांगत पाराकडं गेली, मूठभर ओली माती उचलली आणि सरळ तोंडात घातली.

"आई! आई, बघा ना हिनं काय खाल्लं!" मनीषा किंचाळली.

चंद्रभागा टाळ टाकून धावली. पोरीला उचललं, बोट घालून माती काढली. निकितानं तोंड वाकडं केलं, थू केलं, आणि काळ्या ओठांनी हसली.  चंद्रभागेनं सासूकडं पाहिलं. जे काही म्हणायचं ते आता ती म्हणणार होती.

साळूबाईनं पदराच्या टोकानं निकिताचं तोंड पुसलं. पोरीला नीट न्याहाळलं, कपाळाला हात लावून पाहिला.

"दोन दातच हायेत अजून," ती म्हणाली. "माती खायला तेवढे पुरतात. धर गं, आरती घे."